नावाड्याचं आमंत्रण

शनिवार, लक्सर

मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांमध्ये आजच्या एका अन्यायाची भर घालणं मला भाग आहे: आमच्याकडून पैसे घेतले नाईल नदीचे आणि खिडकीत दिला दुसऱ्याचा पडदा. तपकिरी पडदा. त्याला सोनेरी झालर. झालरीची एक बाजू उसवलेली.

हे सोडलं तर आगमन झकास झालं. हवेत गोड थंडी, आकाश धुतल्यासारखं, आणि कैरोचा धूर नाकातून अजून पुरता निघालेला नसल्यामुळे इथली हवा फारच श्रीमंत वाटली. माझी बायको इगलाल इतकी खुशीत होती की मलाही थोडी लागण झाली. धक्क्यावर क्रूझबोटी एकीला एक खेटून बांधतात. पहिली काठाला, दुसरी पहिलीला, तिसरी दुसरीला. आमची ‘नसीम’ पाचवी. म्हणजे आपल्या बोटीवर पोचायला चार परक्या बोटींच्या दिवाणखान्यांतून बॅगा ओढत जायचं. प्रत्येक दिवाणखान्यात एक हसरा इसम करकदेच्या, म्हणजे जास्वंदीच्या, सरबताचा ग्लास पुढे करतो, आणि आपण पुढच्या बोटीचे आहोत हे कळताच हसू आणि ग्लास दोन्ही मागे घेतो. असा चार वेळा अपमान पचवून आम्ही घरी पोचलो.

मी घेतली होती तिसऱ्या मजल्यावरची ३१२. पलंगापासून छतापर्यंत काच आणि काचेपलीकडे नदी. मला स्वतःला नदीत काडीचा रस नाही. ती पाच हजार वर्षं एकच काम करतेय. पण शरद ऋतूत इगलालचं ऑपरेशन झालं, आणि त्यानंतर ती तीन महिने आमच्या झोपायच्या खोलीत पडून इमारतीच्या मधल्या बोळकांडीतले सांडपाण्याचे पाइप बघत होती. बाईनं आजवर काही मागितलं नाही. या वेळी मागितलं. पलंगावर पडल्या पडल्या काठ सरकताना बघायचाय, एवढंच. माझ्यासारख्या माणसालाही त्यावर विनोद सुचला नाही.

मिळाली १०७. अगदी तळमजला, अर्धी खोली पाण्याखाली, खिडकीचा उंबरा पाण्याच्या पातळीला. स्वागतकक्षाचा मॅनेजर वगीह हा एक गुळगुळीत मनुष्य आहे. केसांना तेल, जिभेला तेल. म्हणाला, ३१२ मध्ये एक निवृत्त न्यायाधीश आहेत, अचानक आले, काय करणार. पण तुमच्या केबिनला बढती नक्की, आज नाहीतर उद्या. मी विचारलं, उद्या म्हणजे कुठला उद्या? तो छातीवर हात ठेवून म्हणाला, “शिरसावंद्य, बाशा!” हे त्याचं सगळ्या प्रश्नांचं उत्तर आहे.

दुपारी बाहेरच्या बाजूनं सहावी बोट येऊन आम्हाला चिकटली. तिची एक खिडकी आमच्या खिडकीच्या बरोब्बर समोर, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. पडदा बाजूला झाला. आत एक म्हातारं जोडपं चहा पीत बसलेलं. म्हाताऱ्यानं ग्लास उंचावला आणि म्हणाला, “इत्फद्दल!” मीही दात घासायचा ग्लास उंचावून म्हटलं, “इत्फद्दल!” कोणीच जागचं हललं नाही. झाली ओळख.

या, बसा, घ्या, सगळं तुमचंच आहे. इत्फद्दल या एका शब्दावर आमचा अख्खा देश चालतो, आणि त्याला भुलून जो खरंच येतो त्याला अख्खा देश हसतो. नावाडी नदीच्या मधोमध भाकरी-पनीर सोडतो आणि काठावरच्या माणसाला ओरडतो, या जेवायला! काठावरचा ओरडतो, देव बरकत देवो! मधे पाणी आहे हे दोघांनाही पक्कं ठाऊक असतं. याला आम्ही नावाड्याचं आमंत्रण म्हणतो. मी वर्तमानपत्रात वीस वर्षं लोकांची टर उडवून पोट भरतो, त्यातली निदान पाच या एका विषयावर गेली असतील. खरं आमंत्रण कुठलं आणि नावाड्याचं कुठलं, हे मी माणसाच्या भुवयांवरून सांगतो.

रविवार, लक्सर

मंदिरं पाहिली. मंदिरांबद्दल तक्रार नाही. ती पाहणाऱ्यांबद्दल आहे. आमच्या जेवणाच्या टेबलावर डॉक्टर लमई नावाचा तंता शहराचा दंतवैद्य बसवलाय. हा माणूस तीन हजार वर्षांच्या राजासमोर उभा राहिला आणि त्याच्या दातांची पंचाईत करू लागला. याची केबिन दुसऱ्या मजल्यावर. मासा खाताना मला म्हणतो, काय उस्ताज बहगत, तुमच्या खालून नदी कशी दिसते? आमच्या वरून तर काय सांगू... मी म्हटलं, खालून दात दिसतात.

वगीहला पुन्हा गाठलं. न्यायाधीश एडफूला उतरणार आहेत म्हणे, त्यानंतर ३१२ आमचीच. शिरसावंद्य.

परत आलो तर इगलाल खिडकी सरकवून समोरच्या बाईशी गप्पा मारत बसलेली. बायकांना भिंत द्या, त्या भिंतीशीही ओळख काढतील. त्यांची नावं कळली: तो हाज बेदीर, ती फिक्रिया. गावाकडची माणसं. बोलण्याला जुन्या रेडिओसारखी खरखर आहे. फिक्रियानं आमच्या खोलीची फार तारीफ केली. इगलालनं नक्कल करून दाखवली: “अगं बाई, किती कोरडी आहे हो तुमची खोली! गाद्यासुद्धा कोरड्या!”

मी म्हटलं, हे काय कौतुक झालं? उद्या म्हणेल, तुमच्या भिंती किती उभ्या.

कोणी आपल्या वस्तूची तारीफ केली की आपण काय म्हणायचं ते ठरलेलं आहे. इगलाल म्हणाली, इत्फद्दली, तुमचीच समजा. यावर समोरच्यानं काय म्हणायचं तेही ठरलेलं आहे. फिक्रिया म्हणाली, छे हो, तुम्हालाच शोभते. उलट तुम्हीच या आमच्याकडे, आमची खोली मोठी आहे, पलीकडच्या अंगाला नदीवर खिडकी आहे. इगलाल म्हणाली, देव तुम्हाला सुखात ठेवो. असा हा चेंडू अर्धा तास इकडून तिकडे चालला होता. नावाडी परवडले. त्यांना निदान जेवायची घाई असते.

सोमवार, लक्सर सोडलं

दुपारी बोट सुटली. दोरखंड सुटताना, भोंगे वाजताना मी वरच्या डेकवर उन्हात खुर्ची टाकून बसलो होतो. चार बोटी उजवीकडे मागे पडल्या. डावीकडे मोकळी नदी, ऊस, एक म्हैस. म्हैस डॉक्टर लमईकडे बघत होती आणि मला तिची दया आली.

चहाच्या वेळी खाली गेलो. इगलाल खिडकीशी. समोर तपकिरी पडदा, फिक्रिया, हाज बेदीर, चहा.

मी म्हटलं, हे लोक अजून इथेच? इगलाल म्हणाली, मग कुठे जातील? आपल्याबरोबरच निघालेत ना.

बरोबर आहे, बोटी तांड्यानं निघतात. पण मी आत्ताच वर होतो, आणि आमच्या खिडकीच्या, म्हणजे डाव्या बाजूला मोकळी नदी होती. म्हणून पुन्हा वर गेलो. कठड्यावरून वाकून, पोट चेपून, अगदी खाली आमच्या खिडकीपर्यंत पाहिलं. पाणी. पलीकडे ऊस. म्हैस गेली होती. बोट नव्हती.

खाली आलो. हाज बेदीरनं ग्लास उंचावला. इत्फद्दल.

मी सुशिक्षित माणूस आहे. म्हणून मी असं ठरवलं की जी कंपनी नदी देऊ शकत नाही, ती खिडकीला आरसा लावायला कमी करणार नाही. काहीतरी प्रतिबिंब आहे. कुठल्या तरी दुसऱ्या केबिनचं, कुठून तरी. इगलालला हे समजावलं. ती म्हणाली, प्रतिबिंबानं मला साखर कमी घालत जा म्हणून सांगितलं, तुमच्या शास्त्रात बसतं का बघा.

यावर मी डुलकी काढली.

मंगळवार, एस्ना

हे नीट लिहून काढतो. लिहिलं की मूर्खपणा कागदावर उघडा पडतो, निदान धंद्यात माझा तसा अनुभव आहे.

एस्नाला बंधारा आहे. बोट वर चढवायला तिला एका दगडी हौदात घेतात, पुढेमागे दारं लावतात आणि पाणी सोडतात. हौद बोटीच्या मापाचा आहे. दोन्ही बाजूंना भिंत आणि बोट यांच्यात तळहात जेमतेम जाईल. खलाशी रबरी टायर घेऊन धावत होते, तरी दोनदा घासलीच. मी डाव्या कठड्याला उभा होतो. माझ्यासमोर ओला, शेवाळलेला दगड. मी त्याला हात लावला. दगडच होता.

मग मला खालची आमची खिडकी आठवली आणि मी जिने उतरून खाली गेलो. जिन्यात लमई भेटला, म्हणाला पळताय कुठे, तमाशा वर आहे.

खिडकीत हाज बेदीर दाढी करत होता. जिथे दगड असायला हवा तिथे. गालाला फेस, हातात वस्तरा, मागे फिक्रिया गादी पिळत होती. झटकत नव्हती, पिळत होती. पाणी खाली जमिनीवर पडलं, त्याचा आवाज मला ऐकू आला. म्हाताऱ्यानं मला पाहिलं, फेसातून हसला आणि वस्तऱ्यानंच खूण केली. इत्फद्दल.

मी वगीहला बखोटीला धरून खाली आणला. माझी अपेक्षा होती की तो म्हणेल, मला तर काही दिसत नाही बाशा. म्हणजे मी वेडा ठरलो असतो आणि विषय संपला असता. त्या गुळगुळीत माणसानं खिडकीकडे पाहिलं, छातीवर हात ठेवला आणि अदबीनं मान लववली. जुन्या गिऱ्हाइकाला लववावी तशी.

मग मला बाजूला घेऊन म्हणाला, घाबरू नका, सज्जन लोक आहेत. रीतभात सोडून एक पाऊल टाकायचे नाहीत. तेही तुमच्यासारखेच थांबलेत. मी विचारलं, कशासाठी? म्हणाला, बढतीसाठी, बाशा. प्रत्येकाला आपल्याहून बरी खोली हवी असते. त्यांना कोण देणार बिचाऱ्यांना.

त्यांना बरी म्हणजे कुठली, हे मी विचारलं नाही. कोरड्या गादीवर बसलो होतो आणि उत्तर बुडाखाली होतं.

दुसरी केबिन मागितली. शाळांना सहामाही सुट्टी, बोट शिगोशीग भरलेली. उद्या एडफू, उद्या न्यायाधीश उतरतात, उद्या ३१२. आजचा दिवस कळ काढा. शिरसावंद्य.

संध्याकाळपर्यंत आम्ही वर डेकवर बसून राहिलो. इगलालला फार वेळ बसवत नाही. ती म्हणाली, चला खाली, मला पडायचंय. मी त्यांना भीत नाही, ते हाक मारतात, मी नको म्हणते, एवढंच तर आहे. ते बोलावतात, आपण नको म्हणायचं. आपण बोलावतो, ते नको म्हणतात. कोणाचं काय बिघडतं?

हे मात्र तिनं फार शहाणपणाचं सांगितलं. सगळी रीत त्यासाठीच असते. मधे पाणी राहावं म्हणून.

बुधवार, एडफू

आज मी जगातला सर्वांत मोठा गाढव आहे. हा विनोद नाही.

न्यायाधीश उतरले. त्यांची बॅग धक्क्यावर जाईपर्यंत मी स्वागतकक्षात उभा होतो. वगीह माझ्याकडे बघेना. रुमालानं गाल धरून बसलेला. मग लमई जिन्यावरून उतरला, बोटात ३१२ ची किल्ली फिरवत. वगीहची दाढ काल ठणकत होती, यानं ती उपटली म्हणे, आणि त्या दाढेच्या जागी ३१२ बसवून घेतली. त्याची दुसऱ्या मजल्यावरची खोली एडफूला चढलेल्या पाहुण्यांना दिलीसुद्धा होती. मला म्हणतो, काय करणार उस्ताज, तुमचे लेख चांगले असतात पण त्यानं दुखणं थांबत नाही.

मी खाली आलो तेव्हा डोक्यात नुसता धूर. इगलाल पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली. काय झालं ते तिनं चेहऱ्यावरूनच ओळखलं. म्हणाली, राहू द्या हो, एवढं काय, मला इथून पाण्याचा आवाज येतो की. तिनं हे असं म्हणायला नको होतं. चिडली असती तर बरं झालं असतं.

आणि नेमका तेव्हा समोरचा पडदा सरकला, आणि तो म्हातारा, तो ग्लास, ते हसू. इत्फद्दल, बहगत बे, म्हणजे बहगतसाहेब, आमची खोली तुमचीच.

मला वाटलं, अरे, पुरे झालं! बढती देणारे खोटे, बोलावणारे खोटे, अख्खी नदी खोट्या आमंत्रणांनी भरलेली. आज एकाला तरी दाखवतोच. खाटकाच्या दुकानात आणि मायक्रोबसच्या थांब्यावर पाहुण्याला जेवायला ओढताना जशी शपथ घालतात, गळ्याच्या शिरा ताणून, तशी मी घातली. नक्कल म्हणून. मोठ्यानं. “नाही नाही हाज, तुम्हीच यायचं! बायकोला घेऊन यायचं, बॅगा घेऊन यायचं, ही खोली तुमची! आला नाहीत तर मला तलाक लागू!”

या शपथेचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुणा आला नाही, तर घालणाऱ्याची बायको त्याची राहत नाही. म्हणूनच पाहुणा येतो. परक्याचा संसार आपल्यापायी मोडला, हे कोण डोक्यावर घेणार?

इगलाल उठून बसली. तोंडाचा रंग गेलेला. म्हणाली, परत घ्या. आत्ताच्या आत्ता परत घ्या, बहगत.

हाज बेदीर हसत नव्हता. त्यानं ग्लास खाली ठेवला. इतके दिवस त्याच्या भुवया नावाड्याच्या होत्या, आता नव्हत्या. तो फार हळू आणि फार आदरानं म्हणाला की तीन वेळा नको म्हणायची रीत आहे, पण शपथ पडल्यावर नको म्हणणं शोभत नाही. माझ्यामुळे तुमचं घर मोडू देणार नाही, बे. आम्ही येतो.

मग वळून बायकोला म्हणाला, ऊठ, फिक्रिया. बांधाबांध कर.

ती रडत होती. आनंदानं.

गुरुवार, कोम ओम्बो

ते आवरतायत. सकाळपासून. कपडे पिळून, घड्या घालून, पेटीत. पेटीच्या तळातून पाणी गळतं, तरी भरतात.

मी माझ्याकडून सगळं केलं. खिडकीशी जाऊन म्हटलं, हाज, ती थट्टा होती. तो म्हणाला, माणसाला मागाहून संकोच वाटतो, साहजिक आहे. आम्ही तुमचा शब्द खाली पडू देणार नाही. मी म्हटलं, मी शब्द मागे घेतो. तो म्हणाला, केवढं मोठं मन, आमच्यावर ओझं नको म्हणून असं बोलताय. या माणसाशी बोलणं म्हणजे उशीला गुद्दे घालणं. मी आयुष्यभर ज्या रीतीची टवाळी केली तिच्या प्रत्येक पायरीवर तो माझ्या एक पायरी पुढे उभा आहे.

इगलालला म्हटलं, चल, उतरू. इथेच उतरू. गाडी करू, कैरो गाठू. ती म्हणाली, आणि ते आले तेव्हा घरात यजमान नसेल तर? ते येऊच शकले नाहीत असं होईल. मग मी तुमची कोण?

मी म्हटलं, कुठल्याही मौलवीला विचार, थट्टेतल्या शपथेला चार गरिबांना जेवू घातलं की सुटका. ती म्हणाली, मौलवीनं कुठे ऐकली शपथ? ज्यांनी ऐकली ते समोर बसलेत.

तिला दटावणार होतो. जमलं नाही. एवढ्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच माझं बोलणं खरं धरलं होतं.

गुरुवार, संध्याकाळ

मधलं अंतर कमी झालंय. हातभर होतं. आता वीतभर.

फिक्रियानं खिडकीतून तबक दिलं, तांब्याचं, फतीर, म्हणजे तुपातली पापुद्र्यांची पोळी, आणि मध. येण्याआधी रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणाली. मी नको म्हणायच्या आत इगलालनं घेतलं. खाल्लं. मऊ आहे म्हणाली. पीठ ओलं होतं, मी पाहिलं, मधाखाली गाळ होता. तिनं बोटं चाटली.

मग ती आमची खोली झाडायला लागली. चादर ताठ केली. पाहुणे यायचेत ना, म्हणाली.

किती जणांची खोली आहे ही? दोन पलंग. दोनच. हे तिला मी—

तिनंच विचारलं. ते आले की आपण कुठे?

मी छताकडे पाहिलं. वरती लमईच्या काचेतून दिवे दिसत असतील, काठ सरकत असेल. त्या दातपाड्याला काय त्याचं—

वगीहकडे जातो. स्वागतकक्षाच्या सोफ्यावर, गोदामात, कुठेही.

सोफा नाही म्हणतो. उद्या सकाळी बढती पक्की. मी खरंच हसलो.

शुक्रवार, अस्वान

वगीहनं सकाळी बोलावून किल्ली दिली. अभिनंदन, बाशा. मोठी खोली, नदीवर खिडकी. लाकडी बिल्ला फुगलेला, ओला. त्यावर १०७. मी म्हटलं, ही तर आमचीच. तो खाली बघून म्हणाला— त्या बाजूची.

पहिल्यांदाच शिरसावंद्य म्हणाला नाही.

धावत आलो. दार उघडं.

दोघं आत. यजमान आला म्हणून अदबीनं उभे राहिले. पेट्या दाराशी, गालिचा काळा पडत चाललाय. फिक्रिया गादीवरून हात फिरवतेय, एकसारखी, पुन्हा पुन्हा. कोरडी, म्हणते. कोरडी.

इगलाल नाही.

इगलाल समोर. त्या खिडकीत.

माझी शपथ तिनं मोडू दिली नाही. त्यांना जागा करून दिली. मी वर किल्ल्या मागत होतो, आणि ही—

त्यांच्या पलंगावर पडलीय, उशीला टेकून. पलीकडच्या खिडकीकडे तोंड. त्या खिडकीत काठ सरकतोय. आमची बोट धक्क्याला बांधलेली आहे, मी दोरखंड पाहून आलो. तरी तिथे काठ सरकतोय, खजूर, वाळू, एक शीड. ती बघतेय. तिला हवं होतं तसंच. पडल्या पडल्या.

हाक मारली. वळली. केस ओले. हसली. जवळ ग्लास होता तो उंचावला आणि म्हणाली, इत्फद्दल, बहगत बे.

बे. मला. लग्नापासून कधी म्हणाली नाही.

खरं बोलावणं की नावाड्याचं? ये म्हणते? की परक्याशी बोलावं तसं बोलून सांगतेय की मी फक्त रीत पाळते, तू नको म्हण, काठावर राहा— तिच्या भुवया पाहतोय. वीस वर्षं लोकांच्या पाहिल्या. हिच्या कधी पाहिल्याच नाहीत. काही वाचता येत नाही.

देव बरकत देवो म्हटलं की झालं. तीन शब्द. वर ऊन आहे. लमईसुद्धा आहे. आज मला लमई चालेल—

तोंडातून निघत नाही.

मागे ते दोघं बसलेत, मान वळवून, नवराबायकोचं बोलणं ऐकू नये म्हणून. सज्जन.

तबक इथेच राहिलंय, फतीरचं. रिकामं परत द्यायचं नसतं. इगलालच्या सकाळच्या गोळ्या तशाच आहेत. त्या ठेवल्या. तिचा चष्मा. लोकरीचे मोजे, पाय गार पडतात तिचे. आणखी काय असतं माझ्याकडे द्यायला.

मधे आता पाणी दिसत नाही. काच काचेला—

दिलं. डाव्या हातानं, उजव्यानं हे लिहितोय. तबक पोचलं. देणं फिटलं.

डावा हात अजून तिकडेच. तिनं मनगट धरलंय. ओढत नाही. सोडत नाही. गार आहे आणि तिचाच आहे.

ओठ हलतायत. हळू बोलतेय, मागच्यांना ऐकू जाऊ नये असं. आता बे नाही. नुसतं बहगत म्हणाली, आणि पुढे—